अप्पा बळवंत चौकाजवळचं अमृततुल्य आणि तिथली सिनेमावाली मंडळी

अप्पा बळवंत चौकातल्या एका शालेय पुस्तकांच्या दुकानात मी १९ वर्षं हिशेब लिहिते. संध्याकाळी दुकानातून निघाले की घरी जायच्या आधी एका अमृततुल्यात थांबते. चहाच्या दुकानाचं नाव लिहू नका, असं तिथल्या चहावाल्या काकांनी सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. १९३४ साली सुरू झालेलं प्रभात टॉकीज, म्हणजे आताचं किबे लक्ष्मी, तिथून चालत पाच मिनिटांवर आहे एवढं सांगते.

आधी चहा. पितळी पातेलं, रोज घासून लखलखीत. आलं आणि वेलदोडा खलबत्त्यात समोर कुटतात, तयार मसाला वापरत नाहीत. चहा फडक्यातून गाळतात, त्यामुळे तळाशी भुकटी राहत नाही. १५ रुपयांना काचेचा ग्लास भरून मिळतो. चहा गोड असतो. साखर सगळी पातेल्यातच पडते, तेव्हा "माझ्यात कमी घाला" म्हणून उपयोग नाही. खारी चांगली मिळते. क्रीमरोल सोमवारी घेऊ नका, शनिवारचे असतात. बसायला दोनच बाकडी आहेत आणि पावसाळ्यात बाहेरच्या बाकड्यावर पन्हळीचं पाणी पडतं.

पण मी इथे खरी येते ती बाकड्यावरच्या माणसांसाठी. कुठला सिनेमा पाहावा, हे मला गेली सहा-सात वर्षं याच बाकड्यावर कळतं. फोनमधलं ॲप मी काल काय पाहिलं यावरून आज काय पाहावं ते सुचवतं. इथे मात्र आधी विचारतात, "कुणाबरोबर बघणार?"

हा प्रश्न ऑपरेटरकाकांचा. पेठेतल्या एका थिएटरात ते तीसेक वर्षं प्रोजेक्टर चालवत होते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती ठिपका दिसला की दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायची आणि पुढच्या ठिपक्याला रीळ बदलायचं, हे करत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. सिनेमा किती चांगला, यावर ते फार बोलत नाहीत. लोक कुठे हसले, कुठे खोकले, कुठे उठून बाहेर गेले, हे त्यांनी केबिनच्या काचेतून बघितलंय आणि त्यांची सगळी मतं त्यावरून बनलीयेत. गाणं लागलं की विडी ओढायला बाहेर पडणारी माणसं 'पिंजरा' पुन्हा लागला की गाण्यांना जागची हलत नसत, असं ते सांगतात. इतक्या थोड्या शब्दांत मला कुठल्याही परीक्षणानं काही पटवलेलं नाही.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. टीव्ही लावला की पाचव्या मिनिटाला बंद करायची. मालिकेत कुणी ना कुणी आजारी असायचं, नाहीतर रडत असायचं. मी बाकड्यावर सांगितलं. ऑपरेटरकाकांनी आईचं वय विचारलं, गाव विचारलं (आमचं वाई), आणि म्हणाले, "वळू दाखव. माणसं कमी बघेल, बैल जास्त." उमेश कुलकर्णींचा २००८ सालचा तो पहिलाच मोठा सिनेमा. गावात मोकाट फिरणारा डुरक्या नावाचा वळू, त्याला पकडायला आलेला फॉरेस्ट ऑफिसर आणि त्या निमित्तानं एकमेकांशी भांडणारा सगळा गाव. आईनं तो पूर्ण बघितला. मध्येच म्हणाली, "आमच्या आळीतला वळू याच्यापेक्षा मोठा होता." बऱ्याच महिन्यांनी ती आपणहून काहीतरी सांगत होती. मी दुसऱ्या दिवशी काकांच्या चहाचे पैसे दिले. त्यांनी देऊ दिले, हे विशेष.

बाकड्यावरची दुसरी खात्रीची सल्लागार म्हणजे मंडईत फुलं विकणाऱ्या मावशी. 'संत तुकाराम' मी लहानपणी शाळेत पाहिला होता. हात जोडून बघायचा सिनेमा, असंच तेव्हापासून डोक्यात बसलं होतं. मावशी म्हणाल्या, "तुकारामासाठी बघू नको, जिजाईसाठी बघ." मी तसा बघितला आणि मला वेगळाच सिनेमा दिसला. गौरी नावाच्या नटीनं ती जिजाई केलीय. घरात दाणा नाही, पोर तापानं फणफणलंय आणि नवरा विठ्ठलापाशी. तेव्हा ती तडक देवळात जाते आणि देवावर वहाण उगारते. १९३६ सालच्या सिनेमात! दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी तिला कुठेही खलनायिका केलेली नाही. तिचं म्हणणं दर वेळी रास्त वाटतं आणि तुकोबाचंही पटतं, यातच त्या सिनेमाची ताकद आहे. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस आधी नाटकात स्त्रीभूमिका करायचे, हे काकांनी सांगितल्यावर मी त्यांचा चेहरा पुन्हा नीट पाहिला. १९३७ साली हा सिनेमा व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाला गेला आणि गाजला. तो जिथे झाला तो प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ म्हणजे आजचं फिल्म इन्स्टिट्यूट, या बाकड्यावरून रिक्षानं जाता येईल इतकं जवळ. मला ते १९ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मतं जुळतात असं मात्र नाही. एक इंजिनिअरिंगचा मुलगा येतो, त्याच्या मते 'सैराट'च्या आधीचं सगळं संथ. काकांनी त्याला 'सामना' बघायला लावला. डॉ. लागूंचा मास्तर गावात येऊन एकच प्रश्न विचारत राहतो आणि निळू फुल्यांचा हिंदुराव तो प्रश्न चुकवत राहतो. १९७५ साली बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता तो. मुलगा परत आला तो वाद घालायलाच. हिंदुरावच जास्त आवडला, म्हणाला. मला ते मुळीच पटलं नाही आणि आम्ही दोघं अर्धा तास भांडलो. चहा दोनदा झाला. अजूनही मला वाटतं, मास्तरचा दारूडेपणा त्यानं नीट पाहिलाच नाही.

इथे नियम एकच, शेवट सांगायचा नाही. एकदा कुणीतरी 'फँड्री'चा शेवट सांगायला तोंड उघडलं आणि चहावाल्या काकांनी खलबत्ता इतक्या जोरात वाजवायला घेतला की पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही.

बायका एकट्या येऊन बसू शकतात का, हे मला मैत्रिणी विचारतात. बसू शकतात. मी सात वर्षं बसतेय. वेळ मात्र ६ ते ८ ची गाठा. साडेआठला शटर खाली येतं, म्हणजे शेवटचा खेळ बघून आलेल्यांना इथे काही मिळत नाही, ही माझी मोठी तक्रार. मागच्या महिन्यात एका मल्टिप्लेक्सात नवीन मराठी सिनेमाचा दिवसातला एकुलता एक खेळ सकाळी सव्वानऊचा होता आणि आम्ही चौघंच आलो म्हणून तोही रद्द झाला. तेव्हा सरळ इथे आलो. सकाळच्या पहिल्या दुधाचा चहा मिळाला आणि सिनेमा न बघताच त्याच्यावर तासभर बोललो.

जून-जुलैत पुस्तकांचा हंगाम असतो, तेव्हा मला यायला जमत नाही. बाकी शुक्रवारी मी हमखास असते. येणार असाल तर नुकताच पाहिलेला एक तरी सिनेमा सांगायला आणा आणि तो कुणाला दाखवावा, तेही ठरवून या. मावशींना सध्या नातवाबरोबर बघायला काहीतरी हवंय. तो नऊ वर्षांचा आहे आणि अंधाराला घाबरतो. तिघांनी तीन नावं सुचवलीत, मावशींना अजून एकही पसंत पडलेलं नाही.