सर्टिफिकेट शेताचं, पोतं कुठलं?

२०१६ च्या अखेरीस युक्रेनमधून सुमारे १६ हजार टन सोयाबीन घेऊन एक जहाज निघालं आणि तुर्कस्तानमार्गे कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन बंदराला लागलं. निघताना तो माल साधा होता, भावही साध्या सोयाबीनचाच होता, आणि त्याला कीडनाशकाची धुरी दिलेली होती. बंदराला लागेपर्यंत कागदोपत्री तो सेंद्रिय झाला आणि त्याची किंमत जवळजवळ ४० लाख डॉलरनी वाढली. २०१७ मध्ये हा प्रकार बाहेर आला तेव्हा निम्म्याहून जास्त माल गिऱ्हाइकांकडे पोचला होता. वाटेत दाणा तोच राहिला, फक्त कागद बदलला.

सेंद्रिय मालात फसलेल्या बहुतेकांची तक्रार एकाच वाक्याने सुरू होते: "पण त्यांनी सर्टिफिकेट दाखवलं होतं!" दाखवलं असेलच, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण ते प्रमाणपत्र शेताचं असतं. कोणाची जमीन, किती क्षेत्र, कोणती पिकं, कोणत्या मानकाखाली, कधीपर्यंत वैध, एवढंच ते सांगतं. समोरच्या पोत्यातला माल त्याच शेतातला आहे, हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. शेत आणि पोतं यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते, तिथेच ही फसवणूक चालते.

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या एका धान्य व्यापाऱ्याने ती जागा सात वर्षं वापरली. २०१० ते २०१७ या काळात त्याने मका, सोयाबीन आणि गहू सेंद्रिय म्हणून विकले. विक्री झाली १४ कोटी २० लाख डॉलरच्या वर, आणि त्यातला बहुतांश माल सेंद्रिय नव्हता. त्याच्याकडे प्रमाणित जमीन खरोखर होती, त्या जमिनीचे कागदही खरे होते. त्या कागदांच्या आडून साधं धान्य मिसळून जात होतं. बरंचसं धान्य पशुखाद्यात गेलं. म्हणजे ते खाणाऱ्या कोंबड्या आणि गुरं पाळणारे, त्यांचं मांस सेंद्रिय म्हणून जास्त पैसे देऊन घेणारे, सगळेच नकळत फसले. २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला दहा वर्षांहून जास्त कैद सुनावली.

असा प्रकार पकडायला प्रयोगशाळा लागत नाही, साधी बेरीज-वजाबाकी पुरते. समजा, विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर ४० हेक्टर क्षेत्र आहे. सेंद्रिय शेतीत पिकांची फेरपालट करावीच लागते, त्यामुळे सगळ्या रानात दरवर्षी सोयाबीन नसणार. निम्म्या रानात धरलं तर २० हेक्टर. हेक्टरी दोन टन म्हणजे चांगलंच पीक झालं, त्याचे ४० टन. मळणीनंतर सफाईत काडीकचरा आणि फुटका दाणा जातो, थोडं बियाण्याला राहतं. उरतात फार तर ३७-३८ टन. असा माणूस एका हंगामात १०० टन देऊ करत असेल तर वरचे ६० टन आले कुठून? हा प्रश्न सरळ विचारा आणि उत्तर लेखी घ्या. खरा शेतकरी चिडत नाही. जमिनीच्या कोणत्या गट नंबरात काय पेरलं होतं, ते तो लगेच सांगतो. "आमचे अजून बरेच शेतकरी जोडलेले आहेत" असं उत्तर आलं, तर त्या शेतकऱ्यांची यादी, प्रत्येकाचं क्षेत्र आणि प्रत्येकाकडून घेतलेलं वजन मागा. यादी मिळत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा, भाव कितीही बरा वाटला तरी.

दुसरा कागद पोत्याचा, आणि तो फार कमी लोक मागतात. बऱ्याच मानकांत प्रत्येक व्यवहाराचा वेगळा दाखला असतो. त्यावर विकणारा, घेणारा, लॉट नंबर, वजन आणि बिलाचा नंबर असतो. वेगवेगळ्या देशांत त्याची नावं निराळी आहेत. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक खेपेला तपासणी दाखला लागतो. अमेरिकेने १९ मार्च २०२४ पासून आयात दाखला सक्तीचा केला, आणि तो नियम कडक होण्यामागे वर सांगितल्यासारखीच प्रकरणं होती. हा दाखला हातात आला की घेणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव आहे ना, ते आधी बघा. १० टनांचा एकच दाखला झेरॉक्स करून पाच जणांना दाखवणं, ही या धंद्यातली जुनी चाल आहे. मग दाखल्यावरचा लॉट नंबर पोत्याच्या टॅगशी जुळवा. टॅग तोंडाच्या शिलाईतच अडकवलेला हवा. शिलाई उसवून पुन्हा घातली असेल तर पहिल्या सुईची रिकामी भोकं नव्या दोऱ्याच्या बाजूला उघडी दिसतात. उजेडात धरलं की लगेच कळतं.

क्यूआर कोडवरही डोळे झाकून विसंबू नका. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सेंद्रिय कापडाचं 'गॉट्स' मानक चालवणाऱ्या संस्थेने भारतातल्या कापसाच्या बनावट दाखल्यांचं प्रकरण जाहीर केलं. २० हजार टन कापूस त्यात अडकला होता. दाखल्यावरचा कोड स्कॅन केला की सरकारी प्रणालीसारखीच दिसणारी खोटी वेबसाइट उघडायची, आणि तिथे माल "वैध" दिसायचा. पीक वेगळं असलं तरी युक्ती धान्याला, मसाल्याला तशीच्या तशी लागू पडते. म्हणून कोड स्कॅन करू नका. प्रमाणपत्र देणाऱ्या प्रमाणीकरण संस्थेचा पत्ता स्वतः शोधा, तिच्या यादीत विक्रेत्याचं नाव स्वतः टाइप करून बघा आणि दाखल्याचा नंबर संस्थेला ईमेलवर विचारा. विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवरून नाही. नावातला एखादा शब्द इकडचा तिकडे असेल तर ती दुसरीच कंपनी समजा. आणि यादीत पिकाचं नाव आहे का, तेही बघा. गव्हाचं प्रमाणपत्र दाखवून तीळ विकणारे आहेत.

"आमच्याकडे लॅब रिपोर्ट आहे" हे वाक्य गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त गुंगवतं. रिपोर्ट घ्यावा, पण त्याला काय दिसत नाही ते माहीत हवं. नेहमीच्या तपासणीत एकाच वेळी शेकडो कीडनाशकं बघतात, पण ग्लायफोसेट हे तणनाशक त्यात सापडत नाही, त्याची पद्धत वेगळी. मॅन्कोझेबच्या गटातली बुरशीनाशकं वेगळी तपासावी लागतात, माल निर्जंतुक करायला वापरतात तो इथिलीन ऑक्साइड वायूही वेगळा. युरिया घालून वाढवलेलं पीक तर या रिपोर्टात अगदी स्वच्छ दिसतं. त्यातून नमुना विक्रेत्यानेच नेऊन दिलेला असेल, तर तो रिपोर्ट त्या पुडीपुरता. रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात "नमुना ग्राहकाने दिला" अशा अर्थाची ओळ बहुधा असते, ती वाचायची सवय लावा. नमुना आपण काढावा, आणि तो एका पोत्यातून नको. थप्पीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पोत्यांतून थोडा थोडा घ्यावा. भेसळ करणारा चांगला माल दर्शनी पोत्यांतच भरतो.

आणखी एक पळवाट रूपांतर काळाची. रासायनिक शेती बंद केल्या दिवसापासून माल सेंद्रिय होत नाही. युरोपच्या नियमांत हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं आणि फळझाडांसारख्या बहुवर्षायू पिकांना पहिल्या तोडणीआधी तीन वर्षं द्यावी लागतात. अमेरिकेत बंदी असलेल्या पदार्थाच्या शेवटच्या वापरापासून कापणीपर्यंत तीन वर्षं. या काळातला माल "रूपांतराधीन" असतो, पण प्रमाणपत्राच्या जोडपत्रातला तो शब्द झाकून त्याचा फोटो पाठवला जातो. त्यामुळे जोडपत्राची सगळी पानं मागा.

या सगळ्यात शेतकरी दोन्ही बाजूंनी भरडला जातो, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. गट प्रमाणीकरणात सर्टिफिकेट गटाच्या किंवा कंपनीच्या नावावर असतं. आपण स्वतंत्रपणे सेंद्रिय म्हणून विकू शकत नाही, हे सभासदाला पीक हातात आल्यावर कळतं. तोवर भाव कंपनीच्या हातात गेलेला असतो. कधी त्याच्या नावावर न पिकवलेला मालही दाखवला जातो. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करू नये, शेतवहीची एक प्रत घरी ठेवावी आणि किती वजन दिलं याची पावती प्रत्येक वेळी घ्यावी.

निविष्ठांत, म्हणजे शेतात घालायच्या खता-औषधांतही तेच. कॅलिफोर्नियात २००० ते २००६ या काळात माशांपासूनचं सेंद्रिय द्रवखत म्हणून विकलेल्या मालात अमोनियम क्लोराइड आणि अमोनियम सल्फेट होतं. शेतकऱ्यांनी ते विश्वासाने घातलं. द्रवखतात नत्र ३ टक्क्यांच्या वर असेल, पीक दोन-तीन दिवसांत काळंभोर हिरवं पडत असेल आणि बाटली उघडताच अमोनियाचा वास नाकात चढत असेल, तर ते वापरण्याआधी प्रमाणीकरण संस्थेला बॅच नंबरसह कळवा. बाटली फेकू नका.

फसवणूक झाल्याचा संशय आला की माल चाळू नका, दुसऱ्या लॉटमध्ये मिसळू नका आणि परतही पाठवू नका. साक्षीदारासमोर एक-एक किलोचे तीन नमुने काढून सील करा. एक प्रयोगशाळेला, एक प्रमाणीकरण संस्थेसाठी, एक स्वतःकडे. टॅग, सुतळी, बिल, वजनकाट्याची पावती आणि सगळे मेसेज जपून ठेवा. तक्रार विक्रेत्याकडे नंतर करा. आधी ज्या संस्थेचं नाव दाखल्यावर आहे तिला लेखी पाठवा, कारण विक्रेत्याला कळलं की गोदामातल्या बाकीच्या पोत्यांचे टॅग एका रात्रीत बदलतात.