कोटेशनसाठी मागितलेली सीडीआर फाइल: पाटीच्या कामात डिझायनर असा फसतो

दुकानाच्या पाट्या डिझाइन करणाऱ्याला गंडा घालण्याची सुरुवात बहुतेक वेळा पाटी बनवणाऱ्या बोर्डवाल्याच्या एका साध्या निरोपाने होते: "मॅडम, सीडीआर टाका ना, लगेच रेट काढून देतो." सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉमधली मूळ, बदलता येणारी फाइल, व्हॉट्सॲपवर जाते. रेट येतो, पण चढा. ग्राहक फोन उचलेनासा होतो आणि महिन्याभरात तुमचीच अक्षरं दुकानावर झळकतात. फाइलमध्ये दुकानाचं नाव, पत्ता, फोन सगळं असतंच. बोर्डवाल्याने परस्पर ग्राहक गाठून तुमची फी वजा केलेला दर सांगितलेला असतो.

रेट काढायला कापायची फाइल लागतच नाही. पाटीची लांबी-रुंदी, अक्षरांची संख्या आणि उंची, मटेरियल, लाइट आतून की बाहेरून आणि जमिनीपासून किती फुटांवर बसवायची, एवढं पुरतं. दाखवायचंच असेल तर लहान जेपीजी पाठवा, तीही नावाच्या जागी तेवढ्याच लांबीचा दुसरा शब्द घालून. कर्व्ह केलेली (अक्षरांचं फॉन्टमधून नुसत्या बाह्यरेषांत रूपांतर केलेली) मूळ फाइल वर्कऑर्डरवर सही होऊन फी जमा झाल्यावरच द्या.

2022 च्या दुरुस्तीने मराठी पाटीची सक्ती महाराष्ट्रातल्या लहान दुकानांनाही लागू झाली, शिवाय मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे देवनागरी थ्रीडी अक्षरांचं काम वाढलं आणि मापातली लबाडीही. दर असतो अक्षरामागे, उंचीच्या इंचाला. समजा 'सुरुची' लिहायचं आहे, शिरोरेषेपासून पायापर्यंत 10 इंच, दर 100 रुपये. तीन अक्षरांचे 3,000 होतात. बिलात मात्र उकाराच्या टोकापासून वेलांटीच्या माथ्यापर्यंत 15 इंच धरून 4,500 लावले जातात. अनुस्वार असला तर तो वेगळं अक्षर म्हणून मोजणारेही आहेत. "उंची शिरोरेषा ते पाय, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार दरात धरून" ही ओळ ऑर्डरमध्ये हवीच.

शिरोरेषेवरून आणखी एक भुर्दंड बसतो. अक्षरं तिथे एकमेकांवर चढलेली असतात. फाइल वेल्ड केली नाही, म्हणजे चढलेले आकार जोडून एकसंध केले नाहीत, तर मशीन प्रत्येक छेदरेषेवर कापतं, शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि वाया गेलेली शीट डिझायनरच्या माथी मारली जाते. पाठवण्याआधी वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंगाशिवाय नुसत्या रेषा दिसतात त्या व्ह्यूमध्ये, एकदा नीट पाहा.

खरी लूट मटेरियलमध्ये आहे, आणि तिचा बोल डिझायनरला लागतो, कारण ग्राहक ओळखतो तुम्हाला. कोटेशनमध्ये एसीपीबद्दल (पाटीमागच्या ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलबद्दल) नुसतं "एसीपी 3 एमएम" लिहिलं असेल तर सावध व्हा. 3 मिमी ही पूर्ण जाडी. बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा 0.25 मिमी आहे की 0.10, ते कुठेच नसतं. पातळ पत्रा स्क्रू आवळतानाच दबतो आणि उन्हात लाटा येतात. "एसएस अक्षरं" म्हटलं की 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलऐवजी कमी प्रतीचं 202 लावलं जातं. चुंबक लावून हे कळत नाही, दोन्हींना तो जवळजवळ चिकटतच नाही. मँगनीज तपासायचं थेंबांचं किट मिळतं, त्याने कळतं. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत 202 वर तांबूस डाग फार लवकर येतात.

लाइटचंही तेच. 1.5 वॉटची 60 एलईडी मॉड्यूल म्हणजे 90 वॉट. त्यावर 100 वॉटचा एसएमपीएस (एलईडीला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय) दिला की तो कायम काठावर चालतो, तापतो आणि लवकर बसतो. भार 80 टक्क्यांच्या आत राहील असा, म्हणजे किमान 120 वॉटचा, तोही रेनप्रूफ, कंपनीच्या नावासकट लिहून घ्या. माल गाडीत चढण्याआधी वर्कशॉपमध्ये जाऊन बघा. पाटी वर गेल्यावर मागची बाजू कोणी दाखवत नाही.

फिटिंगच्या दिवशी साइटवर थांबा. फिटर ग्राहकाच्या हातात बोर्डवाल्याचं कार्ड ठेवतो आणि त्याच ग्राहकाच्या पुढच्या शाखांचं काम थेट तिकडे जातं. त्याच ग्राहकाचं काम 24 महिने परस्पर घ्यायचं नाही, ही अट आधी लिहून घेतलेली बरी.

हक्कांबद्दल तोंडी बोलणी उपयोगाची नाहीत. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच दुसऱ्याला देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. बोर्डवाल्यासाठीच डिझाइन करत असाल तर काम घेण्याआधी उद्यम नोंदणी (केंद्र सरकारच्या पोर्टलवरची लहान उद्योगांची नोंदणी) करून ठेवा. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांच्या पुढे अडवता येत नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन करता येते. त्यासाठी सही केलेली वर्कऑर्डर, बिल आणि फाइल पाठवल्याचा ईमेल जपून ठेवा.