इंटर्नशिप संपली, आता कुणाच्या हाताखाली?

पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची डिग्री संपते, राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हातात पडतो आणि त्याच आठवड्यात घरचे विचारायला लागतात, "मग, आता पुढं काय?" परळ, शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर, कुठल्याही कॉलेजचं पोर मला फोन करतं तेव्हा पहिला प्रश्न पगाराचा असतो. मी उलट विचारते, "रात्री दोनला म्हैस अडली आणि तुला काही सुचेना, तर फोन कुणाला करशील?" हे नाव जिथं पटकन सांगता येतं, ती नोकरी पहिल्या दोन वर्षांसाठी चांगली. पुढची तुलना मी याच एका कसोटीवर केली आहे.

गावाकडचे ज्येष्ठ खासगी डॉक्टर

मोठ्या जनावरांतच काम करायचं असेल तर माझं मत सरळ याच बाजूला आहे. माझी पहिली दोन वर्षं फलटण तालुक्यात एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या मोटारसायकलवर मागं बसून गेली. तिसऱ्याच आठवड्यात एका वस्तीवर म्हैस अडली होती. मी हात घातला, रेडकू काही हाताला लागेना. म्हटलं, "सर, अजून गर्भाशयाचं तोंड उघडलं नाही, थांबू या." सरांनी हात घातला, काढला आणि मला परत घालायला लावला. "योनीच्या घड्या सरळ आत जातायत का वळतायत, ते बोटांनी बघ." उजवीकडं वळत, मळसूत्रासारख्या आत गेल्या होत्या. गर्भाशयाला पीळ. परीक्षेत मी त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, पण बोटांना तो त्या रात्री पहिल्यांदा कळला. म्हशीला उजव्या कुशीवर पाडलं, पोटावर लांब फळी ठेवली, फळीच्या जमिनीकडच्या टोकावर मला उभं केलं आणि चौघांनी पाय धरून तिला पिळाच्याच दिशेनं उलटवलं. दुसऱ्या खेपेला पीळ सुटला. सुटल्याची खात्री सरांनी स्वतः केली नाही, ती माझ्याकडून करून घेतली.

सहाव्या महिन्यात मी एकटी दुग्धज्वराच्या, म्हणजे व्यायल्यावर अंगातलं कॅल्शिअम उतरून आडवी पडलेल्या गाईला गेले. मालक घाई करत होता, मीही घाबरले होते. कॅल्शिअमची साडेचारशे मिलीची बाटली मी भराभर शिरेतून सोडली आणि हृदयावर स्टेथोस्कोप ठेवलाच नाही. गाय जागेवर गेली. सर अर्ध्या तासात आले. मालकाला म्हणाले, "आमच्या हातून चूक झाली." 'आमच्या' म्हणाले. नुकसानभरपाईचं बोलणं त्यांनी केलं. मला घरी जाऊन झोपायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाईवर तेच काम माझ्याकडून करून घेतलं: बाटली कोमट करून, हळूहळू, एक कान सतत ठोक्यावर, ठोका चुकला की सुई बंद.

पण सगळेच ज्येष्ठ असे नसतात. काहींना शिकाऊ म्हणजे फुकटचा ड्रायव्हर वाटतो. ओळखायचं कसं? त्यांची पेटी बघा. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती. केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक २०२३ मध्ये बंद झाली. मेलॉक्झिकॅम मिळत असताना यातलं काही अजून पेटीत असेल, तर ते डॉक्टर शिकायचे थांबलेत असं समजा. ताप आलेल्या संकरित गाईच्या कानाच्या शिरेतून थेंब घेऊन काचपट्टी करतात, का सगळ्यांना एकच अँटिबायोटिक टोचतात, हेही बघा. गोचीडतापाचं निदान सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणारा माणूस मिळाला तर पगार कमी असला तरी सोडू नका.

दूध संघ

कोल्हापूर, सांगली पट्ट्यातल्या संघांकडं पशुवैद्यकांची अख्खी फौज असते. इथला फायदा म्हणजे संख्या. गाभण तपासणी, कृत्रिम रेतन, वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या गाई, कासदाह, अडकलेला जार, दिवसभर तेच ते. हात तयार व्हायला हे तेच तेच लागतंच. शंभर गाभण तपासण्यांनंतर दोन महिन्यांचा गर्भ जसा कळतो, तसा पाच तपासण्यांत कधीच कळत नाही. शिवाय शेजारच्या रूटवर, म्हणजे रोजच्या ठरलेल्या गावांच्या फेरीवर, तुमच्याहून चार वर्षांनी मोठा कुणीतरी असतो आणि तो फोन उचलतो. पगार वेळेवर होतो.

कमी मिळतं ते शस्त्रक्रियेचं काम. आणि रूट पूर्ण करायचा असतो, त्यामुळं एका केसजवळ दोन तास बसून विचार करायला सवड नसते. म्हणून रुजू होताना रात्रीच्या तातडीच्या भेटींची ड्यूटी मागून घ्या. बाकीचे ती टाळतात, पण शिकायला तिथंच मिळतं.

शहरातला कुत्र्यामांजरांचा दवाखाना

पुण्या-मुंबईत एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासणीचं मशीन, भूल देण्याची सोय हे सगळं एका छताखाली असतं. निदानाची शिस्त लागते. प्राण्यांच्या पालकांशी बोलायला शिकता, दयामरणाचा निर्णय समजावून सांगायला शिकता. ते गावाकडं फारसं शिकवलं जात नाही. अडचण एकच: पहिले सहा-आठ महिने कुत्रं धरण्यात आणि लस टोचण्यात जाऊ शकतात. मुलाखतीत स्पष्ट विचारा की तुम्ही हात धुऊन सोबत उभे असताना माझ्या हातून पहिली नसबंदी कधी होईल? "बघू" असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना बघा.

सरकारी दवाखाना

एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होणं ही चांगली, स्थिर नोकरी आहे. २०२२ च्या लम्पीच्या साथीत गावोगाव लसीकरण याच लोकांनी ओढून नेलं. पण पहिली नेमणूक म्हणून बघितलं तर हा रस्ता एकाकी आहे. तुम्ही रुजू होता त्या दिवशी तुम्हीच दवाखान्याचे प्रमुख. जनावरांच्या कानातले ओळखीचे बिल्ले, योजनांचे अर्ज, शवविच्छेदनाचे दाखले, सगळ्यावर सही तुमची, आणि वरचे अधिकारी भेटतात ते बहुतेक आढावा बैठकीत. तिथला खरा शिक्षक अनेकदा वीस वर्षं त्याच गावात काढलेला पशुधन पर्यवेक्षक असतो. त्याच्याकडून शिकायला कमीपणा मानू नका. जाहिरात कधी येईल याचा भरवसा नसतो, तोवर अभ्यासाच्या नावाखाली जनावराला हात न लावता दोन वर्षं घालवू नका, एवढंच कळकळीनं सांगते.

एम.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, ज्यांना शस्त्रक्रिया, पॅथॉलॉजी किंवा संशोधनाची ओढ आहे त्यांनी जरूर करावं. नोकरी मिळत नाही म्हणून करू नये.

मुलींना घरातूनच सांगितलं जातं, "तू शहरातच राहा, गाई तुला आवरणार नाहीत." पीळ सोडवायला चार माणसं आणि एक फळी लागते, ती पुरुष डॉक्टरलाही लागतात. पण रात्रीच्या भेटीला सोबत कोण येणार, गाडी कुणाची, वस्तीवर थांबावं लागलं तर कुठं, हे आधी ठरवून घ्या. हे प्रश्न ज्यांना अडचणीचे वाटतात, त्यांच्याकडं जाऊ नका.

हो म्हणण्याआधी एक आठवडा बिनपगारी सोबत फिरा. त्यांच्याकडून शिकून गेलेल्या दोघांना फोन करा आणि विचारा: पहिलं सिझर कितव्या महिन्यात करायला मिळालं, आणि तुझ्या हातून जनावर दगावलं तेव्हा डॉक्टर कुठं होते? पगार आणि सुट्टी कागदावर घ्या. रेबीजची प्रतिबंधक लस निघण्याआधी पूर्ण करा. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालायची वेळ पहिल्याच आठवड्यात येते, आणि तेव्हा लस शोधत तालुक्याला जायला सवड नसते.