वॉर्डर आणि राजबंदी: ‘गुडबाय बाफाना’ लावावा की ‘हंगर’?

दादरच्या एका छोट्या सिनेमंडळात सध्या दोन तट पडले आहेत. पुढच्या महिन्याचा विषय तुरुंग. ज्येष्ठांना ‘गुडबाय बाफाना’ हवा, कारण त्यात मंडेला आहेत आणि शेवटी ते सुटतात. कॉलेजातली पोरं ‘हंगर’साठी अडून बसली आहेत. खेळ एकच होणार, म्हणून दोन्ही बाजू मांडतो. माझा कल कुठे आहे ते लपणार नाहीच.

‘गुडबाय बाफाना’ 2007 चा, दिग्दर्शक बिले ऑगस्ट. जेम्स ग्रेगरी हा गोरा वॉर्डर दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात बदली होऊन येतो, जिथे मंडेला कैदेत आहेत. बालपणी शेतावर एका काळ्या मुलाबरोबर वाढल्यामुळे त्याला खोसा ही मंडेलांची मातृभाषा येते, आणि सरकारला नेमका असाच माणूस हवा असतो. कैद्यांची पत्रं वाचायची, मुलाखतीच्या वेळी बाजूला उभं राहून नवराबायकोचं बोलणं ऐकायचं, कुटुंबाबाहेरचा विषय निघाला की मध्येच तोडायचं, आणि कानावर पडलेलं वर कळवायचं. जोसेफ फाइन्सने हा ग्रेगरी चांगला उभा केलाय. तो दुष्ट नाही, विचार न करणारा आहे. बायकोला बढती हवी, पोरांची शिक्षणं व्हायची आहेत, साहेब खूश राहिले पाहिजेत. सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेल्या कुणालाही हे घर ओळखीचं वाटेल.

चित्रपटाचं खरं बळ या पत्रांच्या टेबलात आहे. बेटावर सुरुवातीच्या काळात मंडेलांना सहा महिन्यांत एक पत्र आणि एक मुलाखत, तीही अर्ध्या तासाची. पत्रातला नको असलेला मजकूर कापून काढला जायचा. एखाद्याचं सगळं खासगी आयुष्य रोज वाचणारा माणूस त्याच्याशी एक शब्द न बोलता किती जवळ येतो, हा प्रश्न इथे हळूहळू उभा राहतो. 1969 मध्ये मंडेलांचा थोरला मुलगा थेम्बी मोटार अपघातात गेला, तेव्हा त्यांना अंत्यविधीला जाऊ दिलं नाही. वीस वर्षांनी ग्रेगरीचाही मुलगा मोटार अपघातातच गेला. दिग्दर्शक हे दोन मृत्यू समोरासमोर ठेवतो. आपण वरपर्यंत पोचवलेल्या माहितीतून कुणाचा जीव गेला असेल का, ही बोच ग्रेगरीला लागते, ती मला पटली.

मात्र हा चित्रपट ग्रेगरीच्याच आठवणींवर बेतलेला आहे, आणि त्या आठवणींवर गंभीर आक्षेप आहेत. मंडेलांचे अधिकृत चरित्रकार अँथनी सॅम्पसन यांच्या म्हणण्यानुसार, ग्रेगरी मंडेलांशी क्वचितच बोलत असे, आणि पत्रं तपासताना कळलेल्या गोष्टींवरून त्याने ही जवळीक रचली. दुसरीकडे मंडेलांनी स्वतःच्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख आपुलकीने केला आहे. सुटकेच्या दिवशी त्याला मिठी मारल्याचं ते लिहितात, पण आम्ही राजकारणावर कधी बोललो नाही, हेही तिथेच लिहितात. म्हणजे पोल्समूर आणि व्हिक्टर व्हर्स्टर या नंतरच्या तुरुंगांतल्या वर्षांत काहीतरी जिव्हाळा होता. चित्रपट दाखवतो तेवढा होता का, हा वाद उरतोच.

मला याहून मोठी अडचण वाटते ती मंडेलांच्या चित्रणाची. डेनिस हेझबर्ट दिसायला भारदस्त, आवाजही तसाच, पण त्यांना देवघरातल्या तसबिरीसारखं भिंतीवर टांगून ठेवलंय. राग नाही, डावपेच नाहीत, विनोद जवळजवळ नाही. सत्तावीस वर्षं तुरुंगाधिकाऱ्यांना पुरून उरलेला वकील इथे वॉर्डरचं मन बदलण्यापुरता उरतो. एका गोऱ्या माणसाला जाग यावी म्हणून काळ्या माणसाने जन्मठेप भोगावी, असा काहीसा हिशेब होतो. तो तुम्हाला चालणार असेल तर चित्रपट आवडेल.

‘हंगर’ 2008 चा. स्टीव्ह मॅक्वीन यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, कान महोत्सवात पदार्पणाचा ‘कॅमेरा दोर’ मिळवलेला. स्थळ उत्तर आयर्लंडचा मेझ तुरुंग. 1976 मध्ये ब्रिटिश सरकारने तिथल्या आयआरएच्या, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र लढणाऱ्या आयरिश संघटनेच्या कैद्यांचा राजबंदी म्हणून असलेला विशेष दर्जा काढून घेतला. आम्ही गुन्हेगार नाही, तुमचा गणवेश घालणार नाही, म्हणून कैदी नुसती घोंगडी गुंडाळून राहिले. पुढे कोठडीच्या भिंतींना विष्ठा फासण्यापर्यंत गोष्ट गेली आणि 1981 मध्ये उपोषणापर्यंत. या कैद्यांचा म्होरक्या बॉबी सँड्स उपोषणाच्या 66 व्या दिवशी, 5 मे रोजी गेला. उपोषण चालू असतानाच तो ब्रिटिश संसदेवर निवडून आला होता. त्याच्यामागोमाग आणखी नऊ जण गेले.

आणि गंमत अशी की हा चित्रपट सँड्सपासून सुरूच होत नाही. सुरू होतो एका वॉर्डरपासून. सकाळची वेळ, नीटनेटकं घर, बेसिनमध्ये गार पाण्यात बुडवलेले सुजलेले हात. नाश्ता करून तो बाहेर येतो, रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघतो, खाली वाकून गाडीखाली बॉम्ब नाही ना ते तपासतो. बायको पडद्याआडून बघत असते. त्याने किल्ली फिरवली आणि गाडी नुसतीच सुरू झाली की तिचा जीव भांड्यात पडतो, आपलाही. हाताची बोटं कशाने सुजली हे नंतर कळतं, कैद्यांना मारून. त्याच्या तोंडी जेमतेम काही वाक्यं आहेत. त्याचं काय होतं ते सांगत नाही, पण त्याला माफी द्यावी की शिक्षा, हे मॅक्वीन आपल्यावर टाकून मोकळा होतो. पुढे एका मारहाणीत दंगलपथकातला एक तरुण पोरगा भिंतीमागे जाऊन रडत उभा राहतो. पलीकडे लाठ्या चालूच असतात.

मधोमध सँड्स आणि पाद्री यांचं संभाषण आहे. कॅमेरा जागचा न हलवता सुमारे सतरा मिनिटं एकच शॉट. पाद्री विचारतो, तू मरून काय साधणार, मुलाचा विचार केलास का. हा वाद आपल्याला नवा नाही. जतीन दास 1929 मध्ये लाहोरच्या तुरुंगात 63 दिवसांच्या उपोषणानंतर गेले. त्यांची, भगतसिंगांची मागणीही राजबंद्यांना माणसासारखं वागवा, हीच होती. वकिली बुद्धीच्या मराठी प्रेक्षकाला हा प्रसंग फार आवडेल. नाटकवाल्यांना तर नक्कीच.

मराठी माणसासाठी आणखी एक गोष्ट. टिळकांना 1908 साली इथे मुंबई हायकोर्टात सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणगाव सहा दिवस बंद होतं. मंडाले असो वा अंदमान, आपल्याकडची तुरुंगाची गोष्ट नेहमी आतल्याने सांगितली. अंदमानचा जेलर बारी, जो स्वतः आयरिश होता, त्याची बाजू कुणी विचारली नाही, विचारायची गरजही नव्हती. म्हणून बाहेरचा माणूस सांगतोय ही ‘गुडबाय बाफाना’ची नवलाई आपल्याला मोहवते. तीच जपून घ्यावी असं मला वाटतं. किल्ली ज्याच्या हातात असते, त्याने सांगितलेल्या मैत्रीची दुसरी बाजू विचारावीच लागते.

तिसरं नाव हमखास निघेल, ‘मंडेला: लाँग वॉक टू फ्रीडम’ (2013). इड्रिस एल्बा दमदार, मंडेलांची बायको विनी हिच्या भूमिकेत नाओमी हॅरिस त्याहून सरस. पण चरित्र मोठं, वेळ अपुरा, आणि वॉर्डर येऊन जाऊन असतात. विषय तुरुंगच असेल तर तो बाजूला ठेवा.

आता निवड. घरी, आईवडील आणि शाळकरी मुलांसोबत बघायचा असेल तर ‘गुडबाय बाफाना’च. गोष्ट सरळ आहे, वर्णभेद म्हणजे काय ते मुलांना आपोआप समजतं, आणि सॅम्पसन यांचा आक्षेप नंतर चहाबरोबर सांगता येतो. ‘हंगर’ मुलांना दाखवू नका. उघडी शरीरं, मारहाण, घाण, आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं एक माणूस झिजत जातो. बघणाऱ्याने पोटात काही ठेवून बसू नये.

मंडळाला मात्र मी ‘हंगर’च सांगेन. दीड तासाच्या थोडा पुढे जातो, म्हणजे चर्चेला वेळ उरतो, आणि रविवारी मेगाब्लॉक असला तरी कल्याणची मंडळी वेळेत घरी पोचतात. उच्चार बेलफास्टचे आहेत, इंग्रजी उत्तम असलेल्यांचीही दांडी उडते, तेव्हा सबटायटल्स चालू ठेवा. जाहीर खेळ असेल तर हक्कधारकाची परवानगी आधी काढा. ज्येष्ठांनी फारच धरलं, तर दोन महिने दोन खेळ करा आणि ‘हंगर’ आधी लावा. मग ग्रेगरीकडे बघताना सगळ्यांना ते बेसिनमधले सुजलेले हात आठवतील, आणि वाद चांगला रंगेल.