आधी इतिहास की आधी एक्सेल?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत जाणाऱ्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा, तर सुरुवात कुठून करायची? एनिअ‍ॅक या सुरुवातीच्या कॉम्प्युटरमध्ये सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, हे पाठ केलेलं परीक्षेनंतर उडून जातं. एक्सेलमध्ये रिजेक्शनचा (नापास मालाचा) तक्ता करणारा पोरगा मात्र पहिल्याच शिफ्टला कामाला येतो.

पण तोच इतिहास विणकामाच्या मागापासून सांगून बघा. १८०४ चं जकार्ड, म्हणजे छिद्रांच्या कार्डांवर चालणारा माग: कार्डाला भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. झालं, शून्य आणि एक! येवल्यात पैठणीचे माग बघत वाढलेल्याला हे घरचंच वाटतं. मग १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत छिद्रांच्या पट्टीवर चाललेली मिलिंग मशीन आणि तिथून सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) जी-कोड, म्हणजे तिला द्यायच्या आज्ञा; धागा जुळत जातो.

माझं मत? पहिला तास माग, नंतर एक्सेल. ट्यूबा सुट्टीत.