मूलकण म्हणावं की अवअणुकण?

मराठीतून विज्ञान शिकवायचं किंवा लिहायचं तर इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन, म्युऑन या अणूहून लहान कणांच्या सगळ्या गोतावळ्याला मिळून एक नाव लागतं. जुन्या लेखनात ‘मूलकण’ सापडतो, शाळेच्या पुस्तकांत ‘अवअणुकण’. मी बरीच वर्षं पहिला शब्द वापरला आणि आता दुसऱ्याकडे वळलो आहे. तुम्ही याच पेचात असाल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

कानाला मूलकण केव्हाही सरस. जिभेवर सहज बसतो, कुठलाही प्रत्यय निमूट लावून घेतो. अवअणुकण म्हणताना दोन ‘अ’ एकमेकांवर आदळतात. मध्ये जरासं थांबलं नाही तर मुलं वहीत ‘अवणुकण’ उतरवतात. संधी करून ‘अवाणुकण’ म्हणावं तर कुणी ओळखणार नाही. शिवाय त्यातला ‘अणु’ हिंदीशी गाठ पडली की घोळ घालतो. आपला अणू म्हणजे हिंदीतला परमाणु, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. आपण ‘भाभा अणुसंशोधन केंद्र’ म्हणतो, हिंदीत तेच ‘भाभा परमाणु अनुसंधान केंद्र’ होतं. हिंदीतून शिकून आलेल्या मुलाला हे एकदा नीट समजावून द्यावंच लागतं.

तरीही मूलकण सुटला तो एका तासामुळे. नववीच्या मुलांसमोर फळ्यावर वर ‘मूलकण’ लिहिलं, खाली इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन. पुढे रंगात येऊन प्रोटॉनचं मोठं वर्तुळ काढलं आणि आत तीन छोटे क्वार्क. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला: “सर, प्रोटॉनच्या आत अजून कण आहेत, मग तो मूलकण कसा? वरचं पुसायचं का?” तिचं बरोबर होतं. मी पुसलं.

त्याआधीही हे खुपत असायचं. लेखात प्रोटॉनला मूलकण म्हणायचं आणि चार ओळींनी ‘अर्थात तो खऱ्या अर्थाने मूल नाही’ अशी पुस्ती जोडायची. १९३२ साली चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला तेव्हा हे नाव चुकीचं वाटायचं कारण नव्हतं. १९६४ मध्ये गेल-मान आणि झ्वाइग यांनी क्वार्कची कल्पना मांडली, पुढे स्टॅनफर्डच्या प्रयोगांत प्रोटॉनच्या आत काहीतरी असल्याचं दिसलं, आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनचं मूलपण गेलं. इलेक्ट्रॉनचं मात्र आजही टिकून आहे. त्यात आधी ‘मूलद्रव्य’ शिकलेली मुलं मूलकण म्हणजे मूलद्रव्याचा कण, म्हणजेच अणू, असा अर्थ लावतात. हे माझ्या वर्गात एकदा नव्हे, अनेकदा झालं.

अवअणुकण निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेत सापडलेल्या टॉप क्वार्क या क्वार्कच्या प्रकाराचं वस्तुमान जवळजवळ सोन्याच्या अख्ख्या अणूइतकं आहे. त्याला ‘अव’, म्हणजे अणूच्या खालचा, म्हणताना आपण वजनाबद्दल बोलत नाही, हे सांगावं लागतं. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, तर अणूचा घटकही नाही. पण या शब्दामुळे एकदा सांगितलेलं पुढे खोडावं लागत नाही. कणाच्या पोटात काही निघो वा न निघो, नाव चालतं.

नावाचा एवढा काथ्याकूट कशाला, असं वाटत असेल तर होमी भाभांचं उदाहरण आहे. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधल्या वस्तुमानाच्या कणाला तेव्हा ‘मेसोट्रॉन’ म्हणत. ‘मधला’ या अर्थाच्या ग्रीक ‘मेसो’मध्ये ‘ट्र’ मुळात नाहीच, म्हणून ‘मेसॉन’ म्हणावं, असं त्यांनी १९३९ मध्ये सुचवलं. तो शब्द रुळला. पुढे गंमत अशी झाली की १९३६ मध्ये सापडलेला जो कण त्या नावाने ओळखला जायचा, तो म्युऑन आज मेसॉनांत मोजलाच जात नाही. क्वार्क आणि प्रतिक्वार्क (म्हणजे क्वार्कचा प्रतिकण) यांच्या जोडीला आता मेसॉन म्हणतात.

कवितेच्या जवळ जाणारं ललित लिहायचं असेल तर मूलकण घ्या, तिथे तो शोभतो. वर्गात आणि लेखात मी आता पहिल्यांदा ‘अवअणुकण’ लिहितो, मधली जागा आवाजात जाणवेल असं वाचतो, आणि पुढे नुसतं ‘कण’ म्हणतो. मूलकण हा शब्द इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो, क्वार्क अशांसाठी राखून ठेवला आहे. प्रोटॉनपाशी आलो की तो हमखास ओठावर येतो, आणि मग मला ती दुसऱ्या बाकावरची मुलगी आठवते.