वायडर: सात महिने बेसवर वापरल्यानंतर

बेस (गाण्यातला खालच्या सुरांचा आवाज) डाव्या-उजव्या बाजूंत रुंद करायचा म्हणजे त्यातला सब, म्हणजे सर्वांत खोल भाग, सोडून वरचा भाग रुंद करायचा, हे माझ्या कानांना पटायला दोन महिने लागले. पॉलिव्हर्सने इन्फेक्टेड मशरूम या जोडीबरोबर बनवलेलं वायडर हे आवाज रुंद करणारं फुकट प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) मी सात महिने वापरतोय, आणि आता ते माझ्या जवळजवळ प्रत्येक मिक्समध्ये असतं.

सुरुवातीला ते सरळ अख्ख्या सिंथ (सिंथेसायझरच्या) बेसवर लावलं. हेडफोनवर बेस दोन्ही बाजूंना असा पसरला की मी खूश होऊन बाकीचं मिक्स त्यावरच बसवलं. मग तेच छोट्या मोनो (दोन्ही बाजू एकत्र वाजवणाऱ्या) स्पीकरवर ऐकलं, तर गिटारच्या मागे बेस दबलेला. चूक प्लगइनची नव्हती. ते ऑल-पास (लेव्हल न बदलता फक्त लहरींची वेळ सरकवणारा) आणि कोम (कंगव्याच्या दातांसारखे ठरावीक अंतराने सूर कापणारा) फिल्टर वापरून डाव्या-उजव्या बाजूंत फरक निर्माण करतं, आणि दोन्ही बाजू एकत्र केल्या की तो फरक वजा होऊन मूळ आवाज जसाच्या तसा परत मिळतो. पण मी लेव्हल ठरवली होती ती पसरलेल्या आवाजावर, आणि मोनोत तो पसारा उरतच नाही.

तरीही ही पद्धत मला फार आवडते, कारण त्याआधी मी एका बाजूला डीले (थोडा उशीर) देऊन रुंदी आणायचो. १० मिलिसेकंदांचा डीले दिला की मोनोत ५० हर्ट्‌झला आवाज कापला जातो, पुन्हा १५०ला, पुन्हा २५०ला. म्हणजे बेसचा पायाच जातो. वायडरने असं एकदाही केलेलं नाही.

आता बेसचे दोन ट्रॅक करतो. १२० हर्ट्‌झच्या खालचा ट्रॅक मोनो, त्याला हात लावत नाही. इतक्या खालचा आवाज कुठल्या बाजूने येतोय हे कानाला नीट कळतही नाही, आणि किकबरोबर (ड्रमच्या सर्वांत खालच्या ठोक्याबरोबर) तो मध्येच घट्ट बसतो. वरच्या ट्रॅकवर आधी हलकं सॅचुरेशन (आवाज किंचित विकृत करून वरचे सूर वाढवणं), मग वायडर. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्‌झच्या आसपास वाजते. तिचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, ८२, १२४, १६५ असे चढत जातात, त्यामुळे रुंद होतो तो तिसऱ्या हार्मोनिकपासूनचा भाग. एवढ्यानेही अख्खा बेस मोठा वाटतो! निव्वळ साइन सबला (एकाच शुद्ध लहरीच्या खोल आवाजाला) मात्र वर काहीच नसतं, तिथे सॅचुरेशनशिवाय हे प्लगइन लावून उपयोग नाही.

लेव्हल मोनोत ठरवतो, स्टेरिओ नंतर.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. एकच बाजू सोलो करून ऐकली तर आवाज पोकळ लागतो, कोम फिल्टरमुळे तो लागणारच. जाड सिंथमध्ये हे लपतं, पण पिकने वाजवलेल्या स्वच्छ बेस गिटारवर सुराचा रंग बदललेला स्पष्ट कळतो. तिथे मी वायडर काढून टाकतो आणि वरचा भाग दोनदा वाजवून दोन बाजूंना ठेवतो.